नवरदेवाच्या मापाची टाकी

काकू गेल्या, हे मला मास्तरांच्या हातातल्या बरणीवरून कळलं.

मी तेव्हा पाळायचे मासे विकणाऱ्या ताईंच्या दुकानात, सगळ्यांत खालच्या फळीवर होते. काकू दर आठवड्याला माशाचं खाणं न्यायला यायच्या. मध्ये बरेच दिवस त्या आल्याच नाहीत. मग एका सकाळी त्यांच्याऐवजी त्यांचे यजमान आले. ते शिंपी, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच होती. एक गोल काचेची बरणी त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, आणि चालताना पाणी सांडून सदरा ओला झाला होता.

"ताई, हा तुमचा मासा. परत घ्या."

ताई हसल्या. "का हो मास्तर? काकू काय म्हणतील? त्यांचा नवरदेव आहे तो."

"ती गेली," मास्तर म्हणाले. "छातीत दुखतंय म्हणाली. दवाखान्यात पोचलो, तोवर संपलं होतं." त्यांनी बरणी टेबलावर ठेवली. "आता हाही खात नाही. तळाशी पडून असतो. मला मासे पाळता येत नाहीत, ताई. हा माझ्या हातून जायला नको."

 ताईंनी आधी मास्तरांना स्टूल दिलं आणि मग वाकून माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं, ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. खिडक्यांना काचा बसवणाऱ्या एका कारागिरानं मला उरलेल्या तुकड्यांतून बनवलं. दोन वीत लांब, एक वीत रुंद, एक वीत उंच. त्यानं माझ्या कडा घासल्या, पाचही काचा जोडल्या, मला जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून काठोकाठ पाणी भरलं आणि तो झोपायला गेला. सकाळी खालचा कागद कोरडा होता. "जमली बरं का," असं तो स्वतःशीच म्हणाला. माझं पहिलं कौतुक ते.

पुढे मी दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकाजवळ बरीच वर्षं काढली. गाल धरून आलेली मुलं माझ्या काचेला नाक लावून मासे बघत बसायची आणि आत बोलावलं की म्हणायची, "थांबा ना, तो पिवळा अजून बाहेर नाही आला." डॉक्टर सांगायचे, अर्धं दुखणं ही टाकीच घालवते. मग ते डॉक्टर निवृत्त झाले. नव्यांनी भिंतीवर टीव्ही लावला. मी ताईंच्या दुकानात आले. हलवाहलवीत माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला. ताईंनी माझ्यात जाळ्या, नळ्या आणि खड्यांच्या पिशव्या भरून ठेवल्या. गिऱ्हाइकं माझ्यावरून नजर फिरवून नव्या टाक्यांकडे जायची. मी त्यांना दोष देत नाही. धुळीखाली मी काच आहे हेसुद्धा दिसत नव्हतं.

काकूंना मात्र दिसलं. त्यांनी ताईंकडून एक बेट्टा मासा नेला होता. तुम्ही त्याला फायटर म्हणत असाल. निळ्या अंगाचा, लाल किनारीच्या लांबलचक परांचा. काकू म्हणाल्या, "हा तर लग्नाला उभा राहिल्यासारखा नटलाय." म्हणून तो नवरदेव. घरी त्यांनी बटणांची बरणी रिकामी करून त्याला तीत ठेवलं. थोड्या दिवसांनी त्या परत आल्या आणि तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "ताई, तो वळायला गेला की तोंड फिरायच्या आधी शेपटीच काचेला लागते हो."

मग त्यांनी दुकानातली एकेक टाकी पाहिली. शेवटी माझ्यासमोर खाली बसल्या, आतल्या जाळ्या बाहेर काढल्या, फडक्यानं मला पुसलं आणि लांबी वितीनं मोजली. पिशवीतून कापडावर खुणा करायचा खडू काढून त्यांनी माझ्या बाहेरच्या काचेवर, काठाच्या दोन बोटं खाली, एक आडवी रेघ मारली. "पाणी इथवर. वर त्याला श्वासाला हवा पाहिजे. ही माझी हं, कुणाला देऊ नका. मशीनशेजारचा कट्टा मोकळा केला की नेते."

त्यानंतर मी रोज दाराकडे बघत होते. आणि दारातून मास्तर आले.

ताईंनी मला फळीवरून उचलून टेबलावर ठेवलं. मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि मग त्यांच्यातला शिंपी जागा झाला. त्यांनी बरणीला टेप लावली.

"ताई, मासा अडीच इंच. बरणी आठ इंच. तिप्पट सैल आहे. याहून मोठं दिलं तर हरवेल तो."

"तुम्ही शेपटी धरली नाहीत."

"शेपटी म्हणजे झालरच की. झालर कुणी मापात धरतं का?"

"बरं," ताई म्हणाल्या, "मग ट्रायल घ्या. नाही बसलं तर परत आणा, असं तुम्हीच सांगता ना गिऱ्हाइकांना?"

 ताईंनी मला साध्या पाण्यानं धुतलं, साबण लावला नाही. बाहेरची रेघ पुसली जाऊ नये म्हणून त्या बाजूला हात लावला नाही. तळाशी बारीक खडे, एका कडेला रुंद पानांचं रोप. दुसऱ्या टाकीत चालू असलेला स्पंजाचा फिल्टर काढून माझ्यात बसवला. त्या जुन्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि माशाची घाण ते पचवतात. नव्या पाण्यात ते नसतात, म्हणून नव्या टाकीत घाईनं सोडलेले मासे पुष्कळदा दगावतात. पाणी कोमट ठेवणारी एक छोटी कांडीही त्यांनी लावली. मग आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी त्या रेघेपर्यंत भरलं आणि नवरदेवाला हळूहळू, बरणीतलं पाणी आणि माझं पाणी एकमेकांत मुरवत, आत सोडलं.

तो सरळ रोपामागे जाऊन पडला.

"बघा," मास्तर म्हणाले. "मी सांगत नव्हतो?"

"जरा दम धरा. नवीन सदरा घातल्यावर माणूससुद्धा आधी अवघडूनच उभा राहतो."

मास्तर स्टुलावर बसून राहिले. दुकानात गिऱ्हाइकं आली आणि गेली. नवरदेव आधी पानाआडून डोकावला. मग वर येऊन त्यानं एक घोट हवा घेतली. बेट्टा मासा अशी वरची हवाही पितो, म्हणून त्याला खोल टाकी नको. आणि मग तो माझ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे निघाला. निम्म्या वाटेवर त्यानं शेपटी पसरली. ती त्याच्या अंगाहूनही मोठी होती. तो वळला. शेपटी त्याच्यामागून वळली, आणि कशालाही लागली नाही.

मास्तरांचा उजवा हात आपोआप डोक्याच्या वर गेला.

"हात वर करा," ते हळूच म्हणाले. "ती गिऱ्हाइकांना सांगायची. मी उभ्या माणसाचं माप घ्यायचो, आणि ही मागून म्हणायची, हात वर करा, वाका, खाली बसा. उभ्याला बसलं म्हणजे बसलं असं नाही हो, माणूस काय दिवसभर उभाच राहतो?"

ताईंनी डोळे पुसले आणि पाणी उडाल्याचा बहाणा केला.

मग मास्तरांचं मन दुसऱ्या टोकाला गेलं. माणसांचं असं होतं. ते उठले आणि भिंतीजवळच्या कमरेएवढ्या उंच टाकीकडे बोट दाखवत म्हणाले, "मग ती द्या. आता याला काही कमी पडायला नको."

"ती नको."

"का? मोठी आहे."

"उंच आहे. दर श्वासाला त्याला तळापासून वर यावं लागेल. पायघोळ झगा घालून दिवसभर जिना चढायला लावाल का कुणाला? त्या टाकीचा पंपही जोराचा आहे, एवढे पर घेऊन तो त्या धारेत टिकायचा नाही. काकूंनी सगळं बघून ही काढली होती. लांब, बसकी, संथ पाण्याची. ती रेघ त्यांचीच आहे. मशीनशेजारचा कट्टा मोकळा करून तिथं ठेवणार होत्या."

मास्तर खाली वाकले. खडूच्या रेघेचं एक टोक जरा वर वळलेलं होतं. काकू रेघ संपवताना तसा हात उचलत असाव्यात, कारण मास्तरांनी तेवढ्याच टोकावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"बांधून द्या," ते म्हणाले.

घरी आल्यावर मला त्यांनी कापड कापायच्या टेबलावर ठेवलं. दुकान पुढे, राहायची खोली मागे. टेबल मोठं होतं, पण मोठी कात्री टेकवली की सगळं थरथरायचं. माझ्यात वीस लिटर पाणी, म्हणजे वीस किलोचं ओझं. ते डुचमळायचं आणि नवरदेव पानामागे जायचा. दोन दिवसांत त्यानं पुन्हा खाणं सोडलं. मास्तर कात्री अलगद ठेवू लागले. मग त्यांनी कापड कापणंच थांबवलं, आणि गिऱ्हाइकांना "आज नाही" सांगून परत पाठवू लागले.

तेवढ्यात काकूंची धाकटी बहीण आली. दार उघडल्या उघडल्या तिनं मला पाहिलं.

"अगंबाई! एवढ्याशा जिवाला एवढा बंगला? आणि मी आले की तुम्ही मला सरकून बस म्हणता, भावोजी."

"तुला पुरेल अशी टाकी ताईंकडे नव्हती," मास्तर म्हणाले.

ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग एवढी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. मास्तरही हसले. या घरात आल्यापासून मी पहिल्यांदाच हसू ऐकलं.

मग मास्तरांनी तिला रेघेची आणि कट्ट्याची हकिगत सांगितली. तिनं मशीनशेजारच्या दगडी कट्ट्याकडे पाहिलं. तो भिंतीत बसवलेला होता, जराही न हलणारा, खिडकीच्या उन्हापासूनही दूर. त्यावर काकूंचं सामान होतं.

"मग ठेवा की तिथं. मी आवरू का?"

"नको," मास्तर पटकन म्हणाले. "राहू दे ते."

"राहू दे तर राहू दे. पण माझी ताई सामान हलवणारच होती, भावोजी. तिनंच ठरवलं होतं ना? तिचं एक काम तुम्ही अडवून धरलंय, एवढंच सांगते." एवढं बोलून ती चहा टाकायला आत गेली.

मास्तरांनी एकेक वस्तू स्वतः उचलली. रिळांचा डबा, टाचण्यांचं लोहचुंबक, बरणीतून काढलेल्या बटणांची वाट्या-डब्यांची रांग. ती बटणं त्यांनी रिकाम्या गोल बरणीत परत भरली. बरणी तशी वाईट नाही, मित्रांनो. ती बटणांसाठी अगदी योग्य मापाची आहे. काकूंचा चष्मा मास्तरांनी आपल्या खिशात घातला. फक्त मशीनला त्यांनी हात लावला नाही. तिथं सुईखाली एक छोटं झबलं अडकवलेलं होतं. बहिणीच्या नातवंडासाठी काकू ते शिवत होत्या.

कट्ट्यावर आल्यापासून मी हललेले नाही. मास्तर आठवड्यातून एकदा माझं थोडं पाणी बदलतात, पाव हिस्सा, सगळं नाही. नवरदेव उडी मारू शकतो म्हणून त्यांनी माझ्या मापाचं जाळीचं झाकण शिवलं आहे, चारी बाजूंनी गोट घालून. नवरदेवाचं खाणं चिमूटभर असतं, पण द्यायला मास्तर विसरत नाहीत. आणि ट्रायलला आलेल्या माणसाला आता तेच सांगतात, "हात वर करा. वाका. बसून बघा."

एका सकाळी मात्र ते घाबरून अनवाणीच ताईंकडे पळाले आणि त्यांना घेऊन आले. माझ्या पाण्यावर, रुंद पानाखाली, पांढरे बुडबुडे जमले होते.

"साबण गेला असणार, ताई! माझ्याच हाताचा."

ताईंनी वाकून पाहिलं आणि त्या हसल्या. "घरटं आहे ते, मास्तर. बेट्टा नर असंच बांधतो, तोंडातून एकेक बुडबुडा सोडून. सुखात असला की बांधतो."

"पण याला जोडीण कुठाय?"

"नसली तरी बांधतात."

 ताई गेल्यावर मास्तरांनी कात्री घेतली आणि त्या दिवशी उशिरापर्यंत कापड कापलं. कट्टा हलला नाही, घरटंही मोडलं नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे मासा येईल तेव्हा त्याचं माप घ्या, पण तो थांबलेला असताना घेऊ नका. तो पोहताना, वळताना, शेपटी पसरताना घ्या. वाटी, पेला, बरणी दिसायला छान असतात. त्यांत मासा मावतो, पण राहत नाही. आणि अंगणात, अडगळीत माझ्यासारखी एखादी टवका उडालेली टाकी पडली असेल, तर तिच्यात आधी पाणी भरून बघा. खालचा कागद कोरडा राहिला, तर ती अजून कामाची आहे.

परवा काकूंची बहीण पुन्हा आली होती. मशीनवरचं झबलं बघून म्हणाली, "भावोजी, बाळ आता कुशीवर वळायला लागलं. मापाबाहेर जाईल हं ते."

"नाही जायचं," मास्तर म्हणाले. "तिनं सैल बेतलंय."

त्यांनी मशीनवरची धूळ पुसली, चाकाला तेलाचा एक थेंब दिला आणि सुईत दोरा ओवला. झबल्याची एक बाही आता लावून झाली आहे. दुसरी अजून लावायची आहे.