घासून लख्ख केलेली बरणी

मित्रांनो, मी एक जुनी चिनीमातीची बरणी आहे. वर तपकिरी, खाली पिवळट, कडेचा एक टवका उडालेला. माझ्या बहिणी लोणच्याच्या धनिणी झाल्या. माझ्या पोटात मात्र खमीर राहत असे. नगरजवळच्या भिंगारमध्ये शरिफाबींनी मला तीस वर्षं सांभाळलं. पाव करताना आंबलेल्या पिठातलं मूठभर त्या माझ्यात मागे ठेवत आणि त्याला रोज थोडं पीठपाणी घालत. त्या मुठीवरच पुढचा पाव फुगे. खजूर, मनुके, बदाम भरलेला त्यांचा गोड पाव खाऊन लोक बोटं चाटत, आणि मी फडताळात ऐटीत बसे.

साल १९४३, लढाईचे दिवस. त्यांचा मुलगा नबीलाल पलटणीतून रजेवर आला, पारनेरच्या जहिराशी त्याचं लग्न झालं आणि बघता बघता रजा संपली. रविवारी दुपारच्या गाडीने त्याला निघायचं होतं. त्याच्या डब्यात द्यायच्या गोड पावासाठी शरिफाबींनी मैदा जपून ठेवला होता, एकाच भट्टीपुरता.

शनिवारी सकाळी जहिराने माझं झाकण उघडलं. तिच्या माहेरी भाकरीचं घर. खमीर तिने जन्मात पाहिलं नव्हतं. आंबूस वास, वर फेस. सासूला आताशा कमी दिसतं, पीठ नासलेलं कळलं नसेल, असं तिला वाटलं. तिने ते कोंबड्यांपुढे ओतलं आणि राखेने मला असं घासलं की तीस वर्षांत मी इतकी चकाकले नव्हते. मला ओरडता येत असतं तर!

मला मिरवत ती हौसेने सासूला दाखवायला निघाली. तेवढ्यात ओट्यावरून शरिफाबींचा आवाज आला, "घरचं खमीर जित्तं हाय तवर तू परत येशील, बेटा. माजा सगळा भरवसा त्यावर हाय."

जहिरा उंबऱ्यातच थिजली. मला पदराखाली झाकून ती परसात पळाली. वाटेत ती दोनदा ठेचकाळली; आता आपण फुटतो, असंच मला वाटलं.

भिंतीपलीकडून तोच आंबूस वास आला. तिथे रंगुबाई राहत. त्यांनी बारा वर्षांपूर्वी माझ्यातलंच खमीर नेलं होतं. पण शरिफाबींच्या शेळीने त्यांचा मोगरा खाल्ला आणि दोन वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं. जहिराने धीर करून दार वाजवलं.

"तुज्या सासूला मी चालत न्हाई, माजं खमीर बरं चालतं!" रंगुबाई फणकारल्या. मग त्यांनी मला ओळखलं. माझ्या कडेच्या उडालेल्या टवक्यावरून त्यांनी बोट फिरवलं. आत जाऊन त्यांनी मला अर्धी भरून आणलं. "घे. अन् म्हनावं, मोगरा पुन्ना फुटला."

जहिरा घरी काहीच बोलली नाही. रविवारी सकाळी, तिने रात्री मळून ठेवलेली कणीक टम्म फुगली होती. शरिफाबींनी गोळा हातात घेतला, नाकाशी नेला आणि त्या थांबल्या.

"हे माजं न्हाई. याला गुळाचा वास हाय."

जहिरा रडत रडत सगळं सांगून मोकळी झाली. बुटाची नाडी बांधणारा नबीलाल तसाच वाकून राहिला. भट्टी तापली होती, गाडीची वेळ जवळ येत होती.

"गूळ घालायची खोड रंगूचीच," शरिफाबी हळूच म्हणाल्या. "काय बोलली ती?"

"मोगरा पुन्ना फुटला, म्हनावं."

शरिफाबींनी डोळे पुसले. "रडू नको, बेटी. मीच दिलेलं हे. घरातून गेल्तं, घरी परत आलं. म्हंजे जित्तंच हाय की! आता कसली काळजी?"

पहिला पाव त्या स्वतः पलीकडे घेऊन गेल्या. दुसरा नबीलालच्या डब्यात गेला. तीन वर्षांनी तो परतला, लंगडत का होईना, पण परतला.

आता पाव बेकरीतून येतो. माझ्यात तुटकी बटणं असतात. मित्रांनो, घरात नवं माणूस आलं की फडताळात काय जिवंत आहे ते त्याला आधी सांगा. आणि त्यातलं थोडं शेजारी देऊन ठेवा. मला मात्र आता खुशाल घासा. बटणांना त्याचं काही वाटत नाही.