आत्याने पास केलेलं बटण

पहिली घंटा थोरलीने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून केली, तेव्हा ती विकायचा विचार कुणाच्या स्वप्नातही नव्हता. आत्याला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. उजवा हात नुसता लोंबत होता आणि आवाज घशातच विरायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, "डाव्या हाताने भागवू नका. जो रुसलाय त्यालाच कामाला लावा, नाहीतर तो कायमचा जाईल." पण बाजारात मिळणाऱ्या घंटेचं बटण दाबायचं तर त्या बोटांत तेवढाही जोर नव्हता. शेजारच्या खोलीत थोरली आणि धाकटी, दोघी भाच्या असूनही आत्या तहानेली पडून राहायची.

थोरली मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत सर्किटं जुळवायची. तिने साबणाच्या डबीत एक सर्किट बसवलं आणि वर तळव्याएवढं रुंद, मऊ बटण लावलं. त्यावर हात नुसता टेकला की दुसऱ्या खोलीत घंटा वाजायची. पहिल्या दिवशी आत्याने ती पाण्यासाठी वाजवली, उशीसाठी वाजवली, खिडकीसाठी वाजवली आणि शेवटी उगाचच वाजवली.

धाकटी म्हणाली, "ताई, वाचा गेली होती तेच बरं होतं गं."

धाकटी दवाखान्यांना खाटा आणि चाकाच्या खुर्च्या विकायची. गावभर तिची ओळख. तिने ती डबी एका शुश्रूषागृहाच्या मोठ्या सिस्टरना सहज म्हणून दाखवली. त्या म्हणाल्या, "अशी प्रत्येक खाटेला द्या." धाकटी लगेच हो म्हणून मोकळी झाली आणि घरी येऊन तिने ही बातमी बक्षीस मिळाल्यासारखी सांगितली.

"अगं बये, हो कशाला म्हणालीस? एक केलीय मी, एक!"

"एक झाली ना? मग आणखी करायच्या. त्यात काय?"

त्यात काय होतं, ते कळायला पुढचं वर्ष जावं लागलं.

थोरलीने आणखी पाच-सहा घंटा हाताने केल्या. सगळ्या उत्तम चालायच्या, पण त्यातल्या कुठल्याही दोन सारख्या नव्हत्या. एकीचं बटण अडलं की ती कानस घेऊन कड घासायची. दुसरीचं सैल वाटलं तर खाली कागदाची घडी सारायची. प्रत्येकीचे लाड करून तिने त्यांना चालतं केलं होतं. शेकड्यांनी करायच्या म्हटल्यावर असे लाड कोण करणार? त्याला साचा हवा. साच्यात वितळलेलं प्लास्टिक जातं आणि एकासारखं एक बाहेर येतं. निदान धाकटीची समजूत तशी होती.

साचेवाले काका गावाबाहेरच्या एका शेडमध्ये बसायचे. पोलादाचे ठोकळे कोरण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि सगळ्या गिऱ्हाइकांविषयी त्यांचं एकच मत होतं, की त्यांना काही कळत नाही. थोरलीचं चित्र त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं.

"मॅडम, बाजू सरळ उभ्या काढल्यात. माल साच्यातून सुटायचा कसा? केकच्या भांड्याच्या बाजू बघा, जरा तिरक्या असतात की नाही?"

थोरलीने चित्र बदललं. मग डबीच्या भिंतींची जाडी बदलली, कारण जाड ठिकाणी प्लास्टिक आकसून खळगा पडतो. मग जरा बरं दिसावं म्हणून तिनेच कड गोल केली. त्यावर काकांनी पुन्हा हिशोब मांडला आणि पुन्हा वेळ मागितला. कुणी उशीर केला, यावर दोन्ही बहिणींचं जेवताना भांडण झालं.

"तू ती कड कशाला गोल केलीस?"

"टोचत होती."

"कुणाला? अजून जन्मालाच आली नाहीये ती!"

"आणि तू घंटा विकायला ठेवतो म्हणणाऱ्या त्या दुकानदाराला तीन रंग कबूल करून आलीस, ते?"

धाकटीने घाईने आणखी भात वाढून घेतला, कारण खरं म्हणजे तिने चार कबूल केले होते.

अखेर साच्यातला पहिला माल हातात आला. दिसायला देखणा होता. थोरलीने बटण दाबलं. ते खाली गेलं आणि खालीच राहिलं. तिने दुसरं दाबलं, तेही तिथेच. डबीचं भोक केसभर लहान पडलं होतं आणि बटण त्यात अडकून बसत होतं. ती तशीच शेडमध्ये गेली.

"काका, भोक जरासं मोठं करून द्या."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "भोक मोठं करायचं म्हणजे काय करायचं, माहितीय? साच्यात भोकाच्या जागी पोलादाचा खुंट असतो. भोक मोठं हवं तर खुंट जाड हवा. पोलाद खरवडून देतो की हवं तेवढं. वाढवायचं कसं? पीठ आहे का थापायला?"

"मग बटण लहान करा."

"तिथेही पोलाद वाढवायलाच लागतं! तुमच्या चित्रातलंच माप दिलंय मी."

"पण प्लास्टिक किती आकसेल ते तुम्ही सांगितलं होतंत."

"अंदाज सांगितला होता."

दोघंही थोडे थोडे चुकले होते आणि दोघांनाही ते ठाऊक होतं, त्यामुळे आवाज फारच चढले. शेवटी काकांनी पुटपुटत नवा खुंट घडवून बसवला. बटण खाली जाऊन वर यायला लागलं. तेव्हा झाकण बसेना. झाकण बसलं तेव्हा बॅटरीचे सेल आत खुळखुळू लागले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण त्या नकटीचं निदान कधीतरी उरकत असावं, असं धाकटीला वाटायला लागलं.

या सगळ्या काळात दर नव्या नमुन्याची परीक्षा आत्याकडे असायची. ज्या माणसासाठी वस्तू केली त्यानेच ती पारखावी, हा थोरलीचा आग्रह, आणि त्यात चूक काहीच नव्हती. बटणाखाली रबराची एक टोपी बसायची. बटण किती जोराने दाबावं लागेल ते त्या टोपीवर ठरायचं. रबरवाल्याने कमी-जास्त कडक अशा टोप्या दिल्या होत्या. आत्याच्या उशाशी त्यांचा ढीग पडलेला असायचा. ती सकाळ-संध्याकाळ उजव्या हाताने दाबत बसायची आणि निकाल द्यायची. तिची वाचा हळूहळू परतत होती, आणि परतली ती दोष काढतच.

"कडक."

"हे चिकटतंय."

"हे अगदीच लुळं. कळतच नाही दाबलं की नाही ते."

आणि एक दिवस ती म्हणाली, "हं, हे छान. हेच करा. आता मला छळू नका."

बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. धाकटीने तिथेच फोन उचलून माल करायला सांगितला. थोरली "एकदा अजून बघू का?" म्हणाली, तेव्हा धाकटीने नुसते हात जोडले.

घंटा तयार झाल्या, खोक्यांत भरल्या, शुश्रूषागृहात खाटोखाट लागल्या. आठवडाभर दोघी निवांत झोपल्या. मग मोठ्या सिस्टरांचा फोन आला.

"तुमच्या घंटा दिसायला फार सुंदर आहेत हो. पण त्या वाजत नाहीत."

थोरली धावत गेली. दारालगतच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर होते. तिने त्यांना घंटा वाजवायला सांगितलं. मास्तरांनी बोट ठेवलं, ओठ आवळले, चेहरा लाल होईपर्यंत जोर लावला. बटण हललं नाही. मास्तरांनी क्षणभर विचार केला, अख्खी घंटा उचलली आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर दणादणा आपटली. एक सिस्टर पळत आली.

"अशी वाजते," मास्तर शांतपणे म्हणाले. "आम्ही सगळे अशीच वाजवतो."

थोरलीने दोन-चार घंटा काढून पिशवीत टाकल्या. ती शेडमध्ये गेली. काकांनी प्रत्येक माप तिच्यासमोर घेऊन दाखवलं. सगळी बरोबर होती आणि ते दाखवताना त्यांना झालेला आनंद त्यांनी लपवला नाही. रबरवाल्याने शपथेवर सांगितलं, की टोपी त्याच वाणाची आहे. तिने परत आणलेल्या घंटा उघडल्या, पुन्हा जोडल्या. दोष सापडेना. दोष सापडला की माणूस निदान त्याच्यावर चिडू तरी शकतो. इथे चिडायलाही कुणी नव्हतं.

घरी येऊन तिने परत आलेली एक घंटा आत्यापुढे धरली. आत्याने वर्तमानपत्रातून डोकं न काढता एका बोटाने ती वाजवली.

"बघ!" थोरली धाकटीवर ओरडली. "वाजते की नाही? ती माणसं नीट दाबतच नाहीत."

"आजारी माणसांवर काय चिडतेस, ताई?"

"मग कुणावर चिडू? सांग ना!"

थोरली तोंड धुवायला न्हाणीघराकडे गेली आणि दारातच थांबली. दोघींचं भांडण चालू असतानाच आत्या काठी टेकत तिच्या पुढे निघून गेली होती. काठी भिंतीला उभी होती आणि आत्या बेसिनपाशी टॉवेल पिळत होती. दोन्ही हातांनी. चांगला पीळ घालून, शेवटचा थेंब पडेपर्यंत.

"आत्या, हा हात..."

"हा?" आत्याने उजव्या हाताकडे पाहिलं. "चालतो की आता. झाले बरेच दिवस."

"बरेच दिवस! अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? रोज यायचीस आणि 'बटण कसंय' म्हणून विचारायचीस. हात कसाय, असं एकीने विचारलं नाही." टॉवेल झटकून तिने दांडीवर टाकला. "दिवसभर बटणं दाबायला लावल्यावर दगडाचाही हात चालू लागेल."

थोरलीने दांडीवरचा टॉवेल चाचपला; त्यात पाण्याचा थेंब उरला नव्हता. नमुन्यामागून नमुने दाबता दाबता आत्याची बोटं बळकट होत गेली होती. तिला जे "लुळं" वाटत होतं, तेच खरं मऊ बटण होतं. त्यांनी वर्षभर घंटा सुधारली नव्हती. त्यांनी आत्याला व्यायाम दिला होता.

धाकटीला कळलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली, मग खोक्यांच्या चळतीकडे बघून रडकुंडीला आली. वैताग असा की ओरडायचं कुणावर? बरी झालीस म्हणून आत्याला रागवायचं? ती जाऊन आत्याला बिलगली आणि म्हणाली, "तुझं भलं झालं गं, आमचं वाटोळं झालं."

"दोन्ही एकदम होतं कधीकधी," आत्या म्हणाली आणि तिने चहा मागितला. मग आपणच उठून करायला गेली.

सुदैवाने साच्याला हात लावावा लागला नाही. बदलायची होती ती फक्त टोपी. या वेळी थोरली मऊ टोप्यांचे सगळे प्रकार घेऊन शुश्रूषागृहात गेली आणि खाटोखाट फिरली. सगळ्यात मऊ टोपी मास्तरांना पसंत पडली, पण पांघरूण सरकलं तरी ती वाजायची. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "ही लावलीत तर मीच इथे आजारी पडेन." त्याहून किंचित कडक टोपी जवळजवळ सगळ्यांना जमली.

जमली नाही ती खिडकीशेजारच्या, पूर्वी शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना. त्यांची बोटं वाकून बसली होती. खाली जोर लागतच नव्हता, नुसती आडवी सरकायची. त्यांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला आणि "माझं राहू दे" म्हणून हसल्या. थोरलीने तिथेच कागद काढला. बटण आडवं सरकवता येईल का, डबीची बाजू कापली तर काय होईल, याची चित्रं ती भराभर काढायला लागली. धाकटीने कागद ओढून घेतला.

"नाही ताई. आता नाही."

"अगं, पण त्यांना..."

"त्यांना एकीला. बाकीचे सगळे दांडीवर आपटताहेत. ही आधी जाऊ दे."

थोरलीला तिचा इतका राग आला, की घरी येईपर्यंत ती दहा पावलं पुढेच चालत राहिली. धाकटीचं बरोबर होतं, म्हणून राग आणखी आला.

सगळ्या घंटा परत आणल्या. उघडणं, टोपी बदलणं, बंद करणं, हे काम घरच्या टेबलावर कितीतरी दिवस चाललं. स्क्रू आत्याने पिळले. तेही इतके घट्ट, की काही पुन्हा सैल करावे लागले. मधूनच थोरली उठून आतल्या खोलीत जायची. तिथून कानशीचा आवाज यायचा. माल पोचवायला निघाल्या तेव्हा थोरलीच्या पिशवीत एक वेगळी, ओबडधोबड डबी होती. तिचं बटण बाजूला होतं आणि आडवं सरकायचं. धाकटीने ती पाहिली, कपाळाला हात लावला आणि स्वतःच नेऊन खिडकीजवळच्या बाईंच्या हाताखाली ठेवली.

घंटा खाटोखाट लागल्या. बहिणी दारापाशी थांबल्या. मास्तरांनी बोट टेकवलं. लांबवर, सिस्टरांच्या खोलीत, घंटा वाजली.

"आले, आले," कुणीतरी म्हणालं.

थोरलीने मान तिरकी करून ऐकलं. "आवाज जरा कर्कश आहे, नाही? त्या लहान स्पीकरऐवजी जर..."

धाकटीने तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत रस्त्यावर आणलं.