बारकीचे तसराळे

मित्रांनो, मी एक जुने तसराळे आहे. पांढऱ्या इनॅमलचे, निळ्या काठाचे. भट्टीतून निघाले तेव्हा आरशासारखे चकाकत होते. घरी आले तेव्हा माझ्यात भाजी धुतली जाई आणि आई शेजारणीला मला कौतुकाने दाखवी. ते कौतुक फार टिकले नाही.

घरातल्या धाकट्या मुलीला सगळे बारकी म्हणत. एका पहाटे ती तोंड दाबून उठली आणि तिच्या हाताला सापडले ते मी. तेव्हापासून मी तिचेच झाले. स्वयंपाकघरात मला पुन्हा कोणी घेतले नाही.

तिची उलटी साधी नव्हती. पोटातले संपले की हिरवे पित्त येई, तेही संपले की नुसते उमासे. दोन-दोन दिवस ती माझ्यावर ओणवी असे. मग अचानक सारे थांबे. ती भूक लागली म्हणत उठे आणि अंगणात दोरीवरच्या उड्या मारू लागे. महिना-दीड महिन्याने पुन्हा तेच, पुन्हा पहाटेच. त्या उड्यांनीच तिचा घात केला. आजारी माणूस कधी असा उड्या मारतो का, असे सगळ्यांना वाटे.

"शाळा बुडवायची नाटकं आहेत," वडील म्हणत. दादा पाहुण्यांसमोर तिच्या उमाशांची नक्कल करी आणि पाहुणे पोट धरून हसत. मला घासायचे कामही तिचेच.

दवाखान्यात जाताना तिने मला मांडीवर घेतले. रक्त तपासले, पोटाचा फोटो काढला. काही सापडले नाही. डॉक्टरांनी लिहिले, 'वारंवार उलट्या. मानसिक कारण?' तो कागद खिडकीतल्या कारकुनाकडे गेला. संगणकात प्रत्येक आजाराला ठरलेला कोड, म्हणजे क्रमांक, देणे हे त्याचे काम. त्याने मानसिक उलटीचा कोड टाकला.

"पुढे प्रश्नचिन्ह आहे की," त्याच्या शेजारच्या खुर्चीतली बाई म्हणाली.

"प्रश्नचिन्हाला कोड नसतो," तो म्हणाला आणि त्याने पुढचा कागद ओढला.

त्यानंतर प्रत्येक डॉक्टरने आधी पडद्यावरचा कोड पाहिला, मग मुलगी. सलाइन कोणी लावले नाही. "लक्ष देऊ नका, आपोआप थांबेल," असे सांगून घरी पाठवत. वडिलांनी ते मनावर घेतले. पुढच्या वेळी त्यांनी बारकीला माझ्यासकट न्हाणीघरात घातले आणि बाहेरून कडी लावली.

"दमली की येईल वळणावर."

आई दाराशीच उभी होती. आतला नळ कोरडा होता. बारकी पाणी मागत राहिली, पण आईने कडीला हात लावला नाही. संध्याकाळी आवाज बंद झाला. "बघ, झालं ना बरं?" वडील म्हणाले. दार उघडले तेव्हा ती माझ्या काठावर डोके टेकून बेशुद्ध पडली होती.

तिच्याबरोबर मलाही मोठ्या रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कोड बाजूला ठेवला आणि आईला विचारले, "दर वेळी असंच सुरू होतं? मधल्या काळात अगदी ठणठणीत असते? घरात कुणाला अर्धशिशी आहे?"

"मला आहे," आई म्हणाली.

"मग तुमचं डोकं उठतं, तसं हिचं पोट उठतं. उलट्यांचे झटके येण्याचा आजार आहे हा. वेळेवर औषध आणि सलाइन मिळालं की आवरतो. आता मात्र मूत्रपिंडांना मार बसलाय. ती जन्मभर जपावी लागतील."

त्यांनी जुना कोड काढायला सांगितले. "काढता येत नाही, खाली नवा घालतो," असे खिडकीतून उत्तर आले.

वडील खाटेपाशी गेले. बारकी जागी होती.

"खरंच एवढा त्रास होत होता, तर आधी नीट सांगायचं नाही का?" ते तिलाच म्हणाले.

बारकीने भिंतीकडे तोंड फिरवले.

आता घरात प्लास्टिकची नवी बादली आली आहे. मी मागच्या भिंतीशी पालथे पडले आहे, टवके उडालेले, गंज चढलेले. माझे जाऊ द्या. पण मित्रांनो, तुमच्या घरात कोणी तोंडावर हात धरून धावत आले, तर आधी त्याचे केस मागे धरा, पाठीवर हात ठेवा. खरे की खोटे, ते नंतर ठरवा. नाटकच निघाले, तर तुमचा थोडा वेळ वाया जाईल, एवढेच.