दोघांचा होकार

हातोडा पहिल्यांदा टेबलाखालच्या सर्व्हरवर पडला. मग पुन्हा, आणि पुन्हा. पत्रा आत गेला, पंख्याचं पातं उडून भिंतीवर आपटलं. हातोडेवाल्याने कपाळावरचा घाम पुसला.

“झालं ना?”

“डोंबल झालं,” चष्मेवाल्याने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. “पान जसंच्या तसं दिसतंय.”

दोघांनी खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीला बारक्या बांधलेला होता. बारक्या म्हणजे चांगला चौतीस वर्षांचा बाप्या, पण ताईने लहानपणी ठेवलेलं नाव काही सुटलं नव्हतं. ताई बातम्यांची वेबसाइट चालवायची आणि तिची सगळी यंत्रं बारक्या सांभाळायचा. त्या सकाळी त्यांनी दगडखाणीच्या हजेरीवहीचा फोटो टाकला होता. सुरुंगाच्या स्फोटात गाडले गेलेले सात मजूर आपल्याकडे कधी कामालाच नव्हते, असं खाणवाला शपथेवर सांगत होता. वहीत सातही नावं होती, नावांपुढे अंगठे होते.

“ते खोकं रिकामं आहे,” बारक्या म्हणाला. ओठ फुटल्यामुळे शब्द नीट उमटत नव्हते. “तीन महिन्यांपूर्वीच सगळं क्लाउडवर नेलंय.”

“मग तिथून काढ,” हातोडेवाला म्हणाला आणि त्याने बारक्याचा डावा हात सोडवून टेबलावर पसरला.

साइट कुठल्या कंपनीच्या क्लाउडवर न्यायची यावर तेव्हा भावाबहिणीचं पंधरा दिवस भांडण चाललं होतं. बारक्याला गावातलीच कंपनी हवी होती, काही अडलं तर मालकाला फोन करता येतो म्हणून. “खाणवाल्यालाही करता येतो,” ताई म्हणाली होती आणि ती कंपनी तिथेच बाद झाली. दुसरी मोठी होती, वेगवान होती, पण एक पासवर्ड कळला की सगळं मोकळं रान. तिसरी कासवासारखी चालायची. तिथे एकदा चढवलेलं पान काढायचं तर कारण लिहून विनंती करावी लागे आणि दुसऱ्या माणसाने आपल्या फोनवर ‘हो’ दाबावं लागे. ताईला हीच पसंत पडली.

“आपण दोघं जण, आणि हे कसलं सरकारी दप्तर?” बारक्याने तिची यथेच्छ टिंगल केली होती. “उद्या मला कुणी उलटं टांगलं तर?”

“तर मी ‘नाही’ म्हणायचं. मला टांगलं तर तू.”

“बरं बाई! मी काय वाट्टेल ते लिहिलं तरी ‘नाही’च म्हण.” आणि त्याने तिला टाळी दिली होती. केवढे हसले होते दोघं!

हातोडा करंगळीवर पडला.

बारक्या गुरासारखा ओरडला. पासवर्ड त्याने लगेच सांगितला, अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. उजवा हात सुटल्यावर विनंतीही स्वतःच टाइप केली: ‘चुकीचं पान, काढतोय.’ ताई तेव्हा दोन तासांवरच्या एका गावात, त्या मजुरांपैकी एकाच्या घरी बसली होती. काही सेकंदांतच पडद्यावर उत्तर आलं. नाही.

“कोण आहे ही?” चष्मेवाला म्हणाला.

“बहीण.”

“फोन लाव.”

फोन लावला. रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. मग शेजारचं बोट गेलं. त्याचा आवाज वेगळा होता, सुपारी फोडल्यासारखा. बारक्याला ओकारी आली, ती शर्टवरच झाली.

“खरं काय ते लिही,” हातोडेवाला हसला. “बहीण आहे, विरघळेल.”

बारक्याने लिहिलं: ‘ताई, हातोडा आहे. बोटं मोडतायत. पाया पडतो, हो दाब.’

उत्तर येईना. हातोडेवाला वाट पाहणाऱ्यातला नव्हता. मधलं बोट गेलं. मग त्याने उजवा हात ओढून घेतला, आणि त्याची दोन बोटं एका घावात गेली. बारक्याच्या तोंडून आता ओरडणंही निघत नव्हतं, नुसता श्वास निघत होता. तेवढ्यात पडद्यावर उत्तर आलं. नाही.

पोलीस आले तेव्हा दोघं केव्हाच पसार झाले होते. चौकी दोन गल्ल्या सोडून, आणि यायला लागली वीस मिनिटं.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी ताई त्याला सूप भरवत होती. त्याचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते.

“नोंद उघड,” तो म्हणाला.

“कसली?”

“विनंत्यांची. तिथे सगळं वेळेसकट राहतं.”

ताईने फोन उघडला आणि नाइलाजाने त्याच्यासमोर धरला. दुसरी विनंती अकरा आठला वाचली होती. नकार अकरा बाराचा होता.

“चार मिनिटं,” बारक्या म्हणाला.

“पोलिसांना फोन लावत होते.” मग तिने फोन उशीवर उलटा ठेवला. “तो पहिल्याच मिनिटात लागला रे. उरलेला वेळ मी नुसती बघत बसले होते. तूच म्हणाला होतास...”

“म्हणालो होतो. पान आहे अजून?”

“आहे. त्या मजुरांतल्या एकाची बायको काल ऑफिसात आली होती. पडद्यावर नवऱ्याच्या नावापुढच्या अंगठ्यावर बोट ठेवून बराच वेळ उभी होती.”

बारक्याने मान हलवली. खिडकीबाहेर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं, तिकडे तो पाहत राहिला.

“‘हो’ दाबायला माझ्या जागी दुसरं कुणीतरी घाल, ताई.”

“का? चिडलास माझ्यावर?”

“चिडलोय. पण म्हणून नाही. उद्या तुला त्या खुर्चीत बसवलं, तर हातोडा नुसता उचलला तरी मी ‘हो’ दाबेन.”

ताईने सुपाचा चमचा पुढे केला. त्याने बराच वेळ तोंड उघडलं नाही, आणि तिनेही हात मागे घेतला नाही.