भावोजींची मान

नवऱ्याच्या लॅबमधल्या डमीला, म्हणजे धडक-चाचणीच्या माणसाएवढ्या पुतळ्याला, ती लग्नापासून ‘भावोजी’ म्हणत आली होती. नवरा घरी आला की त्याच्या तोंडी दुसरा विषयच नसायचा, मग नातं तरी लावायला नको? गाडीला मागून धक्का बसला की माणसाच्या मानेचं काय होतं, ते मोजायचं त्याचं काम. सीट रुळावर चढवायची, भावोजींना तिच्यावर बसवायचं, दणका द्यायचा आणि मानेतले सेन्सर काय सांगतात ते बघायचं. त्यांच्या स्वतःच्या गाडीची सीटही भावोजींनी अशीच पास केलेली. त्या भरवशावरच गाडी घेतली होती.

आणि त्याच गाडीत ती एकटी सिग्नलला थांबलेली असताना मागून टेम्पोनं ठोकलं. बंपरला पोचा आला. एक्स-रेत काही निघालं नाही. पण पार्लरमध्ये कुणाच्या केसांवर वाकलं की मानेतली कळ थेट बोटांत उतरायची आणि कात्री हातातून गळायची. डॉक्टरीणबाईंनी गळ्याला पट्टा लावून बजावलं होतं, आत्ता मानेला आराम द्या, नाहीतर दुखणं जन्माचं होऊन बसेल.

घरात मात्र मानेच्या बाबतीत नवऱ्याचा शब्द चाले. “एवढ्याशा धक्क्यानं काही होत नाही. आम्ही याहून जोरात मारलंय,” तो म्हणाला. झालं! सासूबाईंनी लगेच री ओढली, “तो दिवसभर मानाच मोजतो. त्याला कळणार नाही?” गळ्याचा पट्टा कपाटात गेला आणि बादल्या, पिशव्या, कात्री पुन्हा हातात आल्या. आपल्याला खोटं ठरवलं, हे तिला मानेपेक्षा जास्त सलत होतं.

लॅबनं घरच्यांना बोलावलं त्या दिवशी ती मुद्दाम पट्टा लावून गेली. चार लोकांत तरी तो आपल्या दुखण्याला हो म्हणेल, अशी वेडी आशा.

“हे काय सोंग?” तो दातओठ खात पुटपुटला. “इथे तरी नको गं.”

भावोजी साखळीला लटकत होते. रुंद खांद्यांचे, थेट नवऱ्याच्याच बांध्याचे.

“बाईच्या मापाचा नाही का?” साहेबांच्या बायकोनं विचारलं.

“लहान डमी आहे ना, पण ती समोरच्या धडकेला. मागच्या धक्क्याला हेच आमचे,” नवरा कौतुकानं म्हणाला.

ती गाडीत बसायची स्टिअरिंगला चिकटून. पाय पोचायला हवेत ना! तिच्या डोक्याची आणि हेडरेस्टची कधी गाठच पडत नसे.

“अहो, मग आपल्या सीटवर माझ्या मापाचं कोण बसलं होतं?”

सगळे हसले. तिनं विनोद केला नव्हता.

तेवढ्यात साखळीची कडी निसटली आणि भावोजी कलंडले ते तिच्याच अंगावर. तिनं दोन्ही हातांनी भार थोपवला, मानेतून कळ गेली, ती ओरडली. नवरा धावत आला. त्यानं दोन्ही तळव्यांत अलगद मान धरली. भावोजींची.

“हिसका बसला का?” साहेबांनी विचारलं.

“बसला असणार.” त्यानं ती मान अजून सोडली नव्हती. “आता नीट तपासल्याशिवाय मी याला कामाला लावणार नाही.”

“बाहेरून तर काही दिसत नाही.”

“बाहेरून कधी दिसतं का, साहेब? मानेचं सगळं आत असतं.”

ती खुर्चीचा आधार घेऊन उभी होती. तिनं शब्द न् शब्द ऐकला.

घरी आल्यावर ती पट्ट्यासकट आडवी झाली. भांडी तशीच पडली होती. सासूबाई मुलाच्या तोंडाकडे बघू लागल्या.

“आता काय झालं?” त्यानं विचारलं.

“हिसका बसलाय.”

“कुठे? काही दिसत तर नाही.”

ती थांबली. लॅबमधलं स्वतःचंच बोलणं त्याला आठवेल, म्हणून थांबली. त्यानं चपला काढल्या, पाणी प्यायला आणि म्हणाला, “उद्या लवकर निघायचंय. त्याची मान तपासायचीय. डबा जरा आधी दे.”

“डबा भावोजींकडे मागा,” ती म्हणाली आणि तोंड फिरवायला गेली. मान फिरली नाही.