टबातलं विष

"बघा, बघा! दारूचं विष तळपायांतून कसं उतरतंय!" डिटॉक्स गुरुजी माइकमध्ये ओरडले. विजेवर चालणाऱ्या टबात एका दारुड्याचे पाय होते आणि पाणी चहासारखं तांबूस होत चाललं होतं. मंचाखाली व्यसनमुक्तीचं प्रशिक्षण घ्यायला आलेले समुपदेशक आ वासून बघत होते.

या मंडळींना एक सवय असते. रुग्ण काहीही बोलो, अडवायचं नाही, मान डोलवायची. रुग्णासमोर ती शोभते. इथे ती भामट्याच्या कामी येत होती. मागच्या रांगेतली ताईही समुपदेशकच, पण तिची मान हलेना.

मग गुरुजींनी तिच्या धाकट्या भावाला मंचावर बोलावलं. तो गुरुजींचा नमुना रुग्ण. गोळ्या घेऊन, ताईची बोलणी खाऊन त्याची दारू कशीबशी सुटली होती. आज त्याच्या टबातलं पाणी नितळच राहिलं.

"शरीर स्वच्छ! आता गोळ्या कशाला? टाका केरात!"

भावाने गोळ्यांची पट्टी खरंच टोपलीत टाकली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

ताई तरातरा मंचावर गेली. "गुरुजी, माझे पाय घ्या की. मी थेंबभरही पीत नाही."

गुरुजी अडखळले, पण एवढ्या लोकांत नाही कसं म्हणणार? गोंधळात त्यांचा हात सवयीनेच चालला: ताजं पाणी, चिमूटभर चूर्ण, बटण. पाणी तांबूस!

"यजमानांचं असेल. संगतीनं उतरतं."

"माझं लग्न झालेलं नाही."

"मग... शेजाऱ्यांचं!"

सभागृहात खसखस पिकली. ताईने पाय काढले, स्वतः पाणी बदललं, चूर्ण टाकलं आणि रिकाम्या टबाचं बटण दाबलं. पुन्हा तांबूस.

"आता हे कोणाचं? टब पितो का?" तिने चूर्ण जिभेवर ठेवलं. "मीठ आहे हे! खारट पाण्यातून वीज गेली की टबातल्या लोखंडी पट्ट्या गंजतात. हा गंज आहे, विष नाही. माझ्या भावाच्या पाण्यात यांनी मीठ टाकलंच नाही, म्हणून ते नितळ!"

गुरुजी वायर गुंडाळू लागले.

"ताई, म्हणजे मी बरा झालो नाही?" भाऊ पुटपुटला.

"होतोयस. पण गोळ्यांनी, आणि रोज स्वतःला आवरून. ते कुठल्याही टबात दिसत नाही रे."

मग ती समोरच्यांवर कडाडली, "आणि तुम्ही! रुग्णाला इथं पाठवण्याआधी कुणीतरी एकदा रिकामा टब चालवून बघायचा होता!"

एकाचीही मान डोलली नाही. भाऊ टोपलीपाशी वाकला आणि गोळ्यांची पट्टी शोधू लागला.