पिवळी रेघ आणि साहेबांचा पाइप

मी एक म्हातारी डोंगरगाडी बोलतेय. वय सव्वीस. अंगावर तीन रंग आहेत, त्यातला कारखान्याचा एकच.

माझा पहिला मालक रस्त्यांचा ठेकेदार. जिथे रस्ता नसे तिथे तो मला न्यायचा आणि रस्ता झाला की मिरवायला दुसरी गाडी काढायचा. माणसांची कृतज्ञता मी तिथेच शिकले. पुढे मला साहेबांनी घेतलं. साहेब तपासनीस होते. दुसऱ्यांचं काम पुन्हा तपासायचं आणि चूक काढायची, याचा त्यांना पगार मिळे. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, तपासणी काही थांबली नाही. भाजीतलं मीठ, शेजाऱ्याची भिंत, बायकोनं लावलेलं कुलूप, काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

त्यांची लेक गुरांची डॉक्टर. डोंगरावरच्या वस्त्यांवर कुणाची गाय अडली की ती मला घेऊन निघायची. तिच्या हातात मी सुखी होते. चढावर ती गप्प असायची आणि उतारावर बेसूर गायची.

मग मला थरथर सुटली. उतारावर ब्रेक दाबला की पॅडल पायाखाली उड्या मारायचं आणि स्टिअरिंग हातात धडधडायचं. साहेबांनी जाणकार जमवले. पहिल्यानं टायरांवर खापर फोडलं, दुसऱ्यानं स्टिअरिंगच्या सांध्यांवर, तिसऱ्यानं ब्रेकच्या चकत्यांवर. सगळं बदलून झालं. दर वेळी पंधरा-वीस दिवस बरे जायचे, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दोष द्यायला सुटा भाग उरला नाही, तेव्हा साहेबांनी घरातला माणूस शोधला.

"हिचा पाय जड आहे," ते म्हणाले. "ब्रेकवर उभी राहते."

किल्ली त्यांच्या खिशात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! लेक पायी वस्त्यांवर जाऊ लागली. एकदा सगळ्यात वरच्या वस्तीवर ती पोहोचेपर्यंत गाय गेली होती. त्यानंतर घरात बापलेकीचं बोलणं कामापुरतं उरलं.

तिनं हट्टानं एक मिस्त्री शोधला. म्हाताऱ्याचे गुडघे माझ्या सांध्यांपेक्षा जास्त कुरकुरायचे. त्यानं काही बदलायच्या आधी मला फिरवून आणलं, हे मला नवीनच होतं. वेगात नेलं, मी शांत. हलकेच ब्रेक दाबला, मी थरथरले. "टायर आणि सांधे बिचारे फुकट गेले," तो म्हणाला. मग चाक उतरवलं, चकतीला काट्याचं मीटर लावलं आणि ती हातानं फिरवली. काटा डोलायला लागला. चकती वाकडी फिरत होती.

त्यानं चकत्या लेथवर तासून सरळ केल्या. त्या बसतात तिथला गंज खरवडला. चाकाचे नट समोरासमोरचे घेत, ठरलेला ताण आला की टक् करणाऱ्या पान्यानं आवळले. शेवटी प्रत्येक नटापासून चाकापर्यंत एक पिवळी रेघ ओढली. रेघ कशाला, हे मला न्यायला आलेल्या साहेबांनी विचारलं नाही. त्यांना घरी पोहोचायची घाई होती.

ती घाई कसली, ते मला ठाऊक होतं. माझ्यावर कुणीही हात फिरवला की साहेब मला घरामागे नेत, पान्याला हातभर लोखंडी पाइप घालत आणि "आजकाल कुणावर भरवसा ठेवायची सोय नाही" असं पुटपुटत एकेक नट मानेच्या शिरा फुगेपर्यंत पिळत. मी कण्हले की त्यांना वाटे, आता कसं घट्ट बसलं! आणि पिळलेला नट चकतीला वाकवणार नाही तर काय करणार?

या खेपेलाही त्यांनी पिळले. मग मोठ्या मनानं लेकीला पंधरा दिवसांसाठी किल्ली दिली. सोळाव्या दिवशी मी थरथरले आणि साहेबांचा चेहरा खुलला. किल्ली परत खिशात टाकून ते लेकीला घेऊन मिस्त्रीकडे आले.

"बघा, हिचाच पाय," ते म्हणाले.

मिस्त्री गुडघे धरत खाली बसला. नटावरची रेघ चाकावरच्या रेघेला सोडून आवळायच्या दिशेनं बोटभर पुढे गेली होती. एका नटाची नाही, सगळ्यांची.

"नट आपोआप सैल होतो, साहेब," तो म्हणाला. "आपोआप घट्ट होत नाही."

लेकीनं बापाकडे पाहिलं. साहेब माझ्या टपाकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तिथे काही चूक सापडेना.

"वरच्या वस्तीवरची गाय गेली, बाबा," ती हळूच म्हणाली. "आणि तुम्ही माझा पाय तपासत बसलात."

साहेबांनी किल्ली काढून माझ्या बॉनेटवर ठेवली. तिच्या हातात द्यायचा धीर झाला नाही त्यांना. मला त्यांचा राग होता, पण त्या क्षणी कीवच आली.

आता पाइप परसात उभा आहे, त्यावर दोडक्याचा वेल चढलाय. मिस्त्रीनं चकत्या पुन्हा सरळ करून आवळलेले माझे नट तसेच आहेत आणि मी उताराला सरळ उतरते. साहेब शेजारच्या सीटवर बसतात आणि दर वळणाला पायाखालचा पत्रा दाबतात. तिथे ब्रेक नाही, हे त्यांना कोण सांगणार? तुमच्या दारात माझ्यासारखी कुणी थरथरत असेल, तर एवढंच करा बाबांनो, तिचे भाग बदलायच्या आधी आपले हात तपासा.

परवा वरच्या वस्तीवरून निरोप आला. पायथ्याशी लेकीनं मला थांबवलं आणि साळसूदपणे विचारलं, "बाबा, नट एकदा बघून घेता?"

साहेबांचा हात दाराच्या कडीकडे गेला आणि परत मांडीवर आला.

"मिस्त्रीनं आवळलेत ना," ते म्हणाले. "चल लवकर. गाय अडलीय."